शेवटच्या गाडीच्या अलीकडे

रत्नागिरीत कॉलेजात शिकणाऱ्या पोराला अर्ध्या वेळेची नोकरी का धरता येत नाही, हे कळायला कुठली पाहणी करावी लागत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास रहाटाघरच्या स्टँडवर जाऊन उभं राहिलं की पुरे. पावस, जाकादेवी, जयगड, हरचेरी, चांदेराई, पाली अशा पाट्यांच्या गाड्या लागत जातात आणि पाठीला सॅक अडकवलेली पोरंपोरी त्यांत घुसत जातात. एखादी गाडी हुकली की पुढची कधी, याचा भरवसा नाही. तीही हुकली तर मग थेट वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्काम करून पहाटे परत फिरणारी. कॉलेजचं वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं असा सर्वसाधारण समज आहे. कोकणात ते आगारप्रमुख ठरवतो. करोनानंतर राज्यातली कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीपासून एसटीचा संप पेटत गेला, तो एप्रिल २०२२ पर्यंत. खाडीपलीकडच्या मुलांच्या दृष्टीने कॉलेज उघडलं काय नि न उघडलं काय, सारखंच होतं.

तेव्हा नोकरीचा विचार करायचा तो या गाड्यांच्या हिशेबाने. कला आणि वाणिज्य शाखेचे तास साधारणपणे सकाळचे. बारा-एकला मुलं मोकळी होतात. विज्ञानवाल्यांची प्रॅक्टिकलं दुपारभर चालतात, पण तीही रोज नसतात. गाडी पाच-साडेपाचची. मधल्या चारेक तासांत काय करायचं, हा प्रश्न मारुती मंदिरच्या सर्कलवर किंवा मांडवीच्या जेटीवर आपोआप सुटतो. शहरात या चार तासांसाठी माणूस ठेवणारा दुकानदार शोधून सापडणार नाही. कापडाच्या दुकानाला, मेडिकलला, मोबाइलच्या शॉपीला माणूस लागतो तो संध्याकाळी पाच ते नऊ, कारण गिऱ्हाईक तेव्हा येतं. नेमकी तेव्हा आपली पोरं गाडीच्या दांड्याला लटकून भाट्याचा पूल ओलांडत असतात. शहरात खोली घेऊन राहावं, तर खोलीचं भाडं त्या नोकरीहून जड.

दुपारी एक ते पाच या वेळात ज्याला हाताखाली माणूस हवा असतो, असा शहरात एकच मालक आहे. तो म्हणजे कॉलेज. ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावायची राहिलेली असतात, कार्यालयात फायलींचा ढीग असतो, प्रयोगशाळेत काचसामान धुवायचं पडलेलं असतं. काम आणि माणूस एकाच आवारात, एकाच वेळी रिकामे बसलेले. त्यांची गाठ घालून देणारी व्यवस्था महाराष्ट्रात फार जुनी आहे. ‘कमवा आणि शिका’ हे तिचं नाव सगळ्यांना पाठ आहे. कुठे नि कसं मिळतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

कोकणात कामच नाही, असं मुंबईचा चाकरमानी गणपतीला आला की म्हणतो. काम भरपूर आहे, त्याचं आणि परीक्षेचं जमत नाही. हापूसचा हंगाम मार्चपासून मेपर्यंत. झेल्याने आंबा उतरवणं, निवडणं, पेट्या भरणं, वाशीच्या ट्रकात चढवणं, या सगळ्याला तरण्या हातांची टंचाई असते, आणि त्याच एप्रिल-मेमध्ये उन्हाळी सत्राच्या परीक्षा. मासेमारीचं उलट. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी, म्हणजे कॉलेजला थोडी सवड असते तेव्हा मिरकरवाड्यात होड्या नांगरलेल्या. ऑगस्टमध्ये हंगाम उघडतो तेव्हा तास जोरात, आणि बंदरावरचं काम तसंही रात्री नाहीतर पहाटेचं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी प्रक्रियेचे कारखाने आहेत, पण तिथे पाळी असते आणि पाळी म्हणजे अख्खी पाळी. लग्नसराईत हॉलमध्ये वाढायला जाणारी मुलं आहेत, दिवाळीत आणि मे महिन्यात गणपतीपुळ्याच्या हॉटेलांत राबणारी आहेत. ती कामं सुटीची.

त्यातल्या त्यात जुळतं ते गणपतीच्या शाळेतलं काम. आषाढ-श्रावणात मूर्तीवर हात फिरवायला, सफेदा द्यायला, शेवटी आखणी करायला पोरं लागतात. गावातल्या गावात, रात्री जेवून जायचं, कंदिलाऐवजी आता एलईडीच्या उजेडात बसायचं. पोराचा हात चांगला असेल तर डोळे लिहायलाही बसवतात. पण शाळा चतुर्थीला रिकामी होते आणि फीचा दुसरा हप्ता दिवाळीनंतर भरायचा असतो.

शिकता शिकता पोटासाठी काम करणं या जिल्ह्याला नवं मुळीच नाही. किंबहुना या जिल्ह्याने देशाला जी मोठी माणसं दिली, त्यांतल्या बऱ्याच जणांचं शिक्षण याच ओढाताणीत झालं. धोंडो केशव कर्वे मुरुडचे. सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून ते सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला गेले आणि तिथे परीक्षकाने ‘वय लहान दिसतं’ म्हणून परत पाठवलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांनी वाचलेली आहे. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. मुंबईत शिकताना ते शिकवण्या करून खर्च भागवत. स्वतः आदल्या इयत्तेत शिकलेलं दुसऱ्याच्या मुलाला शिकवायचं आणि त्या पैशावर पुढची इयत्ता काढायची. १८८४मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले ते या वाटेने. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं वेगळं. वडील गेल्यावर थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो धाकट्याला शिकायला पाठवत राहिला. म्हणजे नोकरी एकाने केली, शिकला दुसरा. ही पद्धत कोकणात अजून बंद पडलेली नाही. मुंबईत डिलिव्हरीचं काम करणारा मोठा भाऊ आणि गावाकडे बी. एस्सी. करणारी बहीण अशी जोडी ज्याच्या पाहण्यात नाही, तो कोकणातला नव्हे.

पण कर्वे-गोखल्यांच्या त्या काळात एक गोष्ट सारखी होती: शिकायचं तर जिल्हा सोडायचा. रत्नागिरीत कॉलेज निघालं ते १९४५मध्ये, रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीचं, आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. त्याआधी पदवी हवी तर बोटीत बसून मुंबई गाठायची, नाहीतर घाट चढून कोल्हापूर, सांगली, पुणे. तिथे वार लावून जेवायचं, माधुकरी मागायची, किंवा कुणाच्या तरी दुकानी हिशेब लिहायचे. वार लावून जेवणं ही सोयही जातीच्या उंबऱ्याच्या आतली. बहुजन समाजाच्या आणि दलितांच्या मुलाला कुणाचं ताट मांडलेलं नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. सकाळी कॉलेज, मग दिवसभर कचेरीत नाहीतर गिरणीत, आणि रात्री लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत वळकटी. कोकणातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर या वेळापत्रकातून बाहेर पडला. त्या कॉलेजने नोकरी दिली नाही. नोकरीच्या वेळेला स्वतःची वेळ जुळवून घेतली. मला हे फार मोठं वाटतं. आज मुलाला ‘वेळेचं नियोजन कर’ असा सल्ला देणाऱ्या किती संस्था स्वतःचं वेळापत्रक त्याच्यासाठी अर्धा तास हलवतील?

घाटावर मात्र एका माणसाने प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. साताऱ्यात शिकवण्या केल्या, पुढे ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरासाठी विक्रेता म्हणून गावोगाव हिंडले. नांगर विकताना त्यांनी खेडी पाहिली. १९१९मध्ये कऱ्हाडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं आणि १९२७मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, शेतात राबत, दगड फोडत, भिंती उभ्या करत. पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, त्यात मंगळसूत्रही गेलं. १९४७मध्ये साताऱ्यालाच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं: फी नाही, राहणं-जेवण कॉलेजात, आणि त्याबदल्यात श्रम. महाविद्यालयीन पातळीवर कमवा आणि शिका म्हणून आज जे काही चाललं आहे, त्याची पायरी ही.

शिवाजी विद्यापीठ १९६२मध्ये निघालं आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून तिथेही ही प्रथा रुजली. पुणे विद्यापीठाची योजना तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्याच नावाने आहे. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाच्या कामांतही कमवा आणि शिका आहे. रत्नागिरीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली येतात आणि विद्यापीठाचं उपकेंद्र मिरजोळ्याला आहे. तेव्हा कागदावर दार उघडं आहे.

दाराशी गेल्यावर काय होतं ते पाहू. जूनमध्ये प्रवेश होतात. जुलै-ऑगस्टमध्ये केव्हातरी सूचनाफलकावर एक टंकलिखित कागद लागतो, हल्ली व्हॉट्सअॅपच्या वर्गगटावरही येतो: गरीब व गरजू विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत. अर्जासोबत मागच्या वर्षीची गुणपत्रिका, आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत, आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, महा ई-सेवा केंद्र, काही दिवसांची वाट. मग विभागप्रमुखांची सही. मग एखादी छोटी मुलाखत, ज्यात ‘वडील काय करतात’ हा प्रश्न ठरलेला. निवड झाली की कोणत्या विभागात, कोणत्या वेळेत, किती तास ते ठरतं. कामाची नोंद वहीत रोज करायची, त्यावर विभागाच्या माणसाची सही घ्यायची, महिनाअखेरीस तास मोजून बिल वर जातं आणि मंजूर झाल्यावर मानधन खात्यात जमा होतं. परीक्षेच्या दिवसांत काम थांबतं, सुट्ट्यांत बहुतेक ठिकाणी थांबतंच.

आता पैसे. पुणे विद्यापीठात कित्येक वर्षं तासाला ४५ रुपये आणि दिवसाला जास्तीत जास्त ३ तास असा हिशेब होता. म्हणजे दिवसाचे १३५, चोवीस दिवस भरले तर ३,२४०. तासाभराच्या श्रमात दोन वडापाव नि एक कटिंग. हसण्यावारी नेण्यासारखी रक्कम आहे, आणि तरीही खेड्यातून येणाऱ्या मुलाला तीन हजारांचा अर्थ नीट कळतो. एसटीच्या पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत मिळते, उरलेला तिसरा हिस्सा खिशातून भरायचा. तो यातून निघतो. परीक्षेचा अर्ज, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज, दुपारचं एक वेळचं जेवण निघतं. मुलींचं आणखी एक. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांचा एसटी प्रवास मोफत असतो. बारावी झाली की पास विकत घ्यावा लागतो. घरात भाऊ नि बहीण दोघं कॉलेजला असतील तर कुणाचा पास काढायचा, हा प्रश्न अजून विचारला जातो. २०२४मध्ये सरकारने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली, हे चांगलंच झालं. पण वर्गापर्यंत पोचायचा खर्च फीच्या पावतीवर कधीच छापलेला नसतो.

कामाचं स्वरूप ऐकून लोक नाक मुरडतात, म्हणून ग्रंथालयातलं काम जरा तपशिलात सांगतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत बंद कपाटातल्या पुस्तकाला हात लावला तर तो दमट लागतो, पुठ्ठ्यावर बुरशीची पांढरी साय येते, आत कसर हिंडत असते. ही पुस्तकं एकेक काढून कोरड्या फडक्याने पुसायची, पंख्याखाली उघडून ठेवायची, बांधणी सुटली असेल ती वेगळी काढायची. नवीन आलेल्या पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, बारकोड चिकटवायचा, पाठीवर वर्गांक लावायचा. ड्युईच्या पद्धतीत अर्थशास्त्र ३३० आणि मराठी साहित्य ८९१.४६, हे आठवडाभरात तोंडपाठ होतं. आणि मग एक गंमत होते. जी पोर दोन वर्षांत कपाटाशी फिरकली नव्हती, ती पुसता पुसता पुस्तक उघडते. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची मांडणी करणाऱ्या पोराला कोणतं पुस्तक सगळ्यात जास्त फाटलंय हे कळतं, आणि त्यावरून कोणतं वाचायचं हेही.

कार्यालयातलं काम याहून कमी रम्य आणि जास्त उपयोगी. प्रवेशाच्या गर्दीत अर्ज तपासून घेणं, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर माहिती भरायला ज्युनिअर मुलांना मदत करणं, नॅकची समिती येणार म्हटलं की पाच वर्षांचे कागद स्कॅन करणं. जावक क्रमांक म्हणजे काय, टिपणी कशी लिहितात, सहीसाठी फाइल कुणाच्या टेबलावर अडते, हे ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. पुढे तलाठी किंवा लिपिक झालेल्या मुलाला ते पहिल्या दिवसापासून कामी येतं. बागेतलं काम उरतं. ते सगळ्यात कमी मागितलं जातं, कारण ते सगळ्यांना दिसतं.

आणि इथे खरी अडचण सुरू होते. ग्रंथालयाच्या कपाटामागे काम करायला मुलं तयार असतात. हातात झाडू किंवा पाण्याचा पाइप घेऊन गेटजवळ उभं राहायला नसतात. वर्गातल्या कुणी पाहिलं तर? घरी कळलं तर आई म्हणणार, ‘तुला शिकायला धाडलं की फडकं मारायला?’ ही लाज नुसती श्रमाची नाही. ती मुलं घरी गोठा साफ करतात, लावणीला चिखलात उतरतात, बापाबरोबर जाळं ओढतात. लाज आहे ती दाखल्याची. या आवारात काम करतोय तो गरीब आहे, त्याच्या बापाचं उत्पन्न अमुक हजार आहे, हे त्या फडक्यावर लिहिलेलं असतं. काम करणारे मूठभर ‘गरजू’ आणि बाकीचे हजार-दीड हजार बघे, अशी विभागणी झाली की काम ही मेहरबानी होते.

भाऊरावांच्या बोर्डिंगात हे नव्हतं. तिथे सगळेच राबत. पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच बांधावर कुदळ मारत असतील तर कुदळीवरून कुणाचं उत्पन्न कळणार? योजना कॉलेजाकॉलेजांत पोचता पोचता नेमका हा भाग गळून गेला आणि उत्पन्नाचा दाखला तेवढा चिकटला. निधी थोडा, मागणारे जास्त, म्हणून गाळणी लावावी लागते हे मान्य. पण ती गाळणी लावताना आपण योजनेचं हाड काढून घेतलं, एवढं तरी कबूल करायला हवं.

अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं कॉलेज आहे. १८९२पासून तिथे शिक्षण शुल्क घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावंच लागतं. तिथे कुणी कुणाला विचारत नाही की तू का काम करतोस. बाकी अमेरिकेत १९६४पासून केंद्र सरकारची ‘वर्क-स्टडी’ व्यवस्था आहे, ज्यात गरज पाहूनच काम मिळतं, पण पगाराचा मोठा हिस्सा सरकार उचलतं, त्यामुळे कॉलेजला माणूस ठेवणं परवडतं. जयप्रकाश नारायण १९२२मध्ये तिकडे शिकायला गेले ते द्राक्षांच्या मळ्यात आणि हॉटेलांत काम करूनच शिकले.

हे दूरचं राहू द्या. रत्नागिरीच्याच आळीतला एखादा मुलगा एम. एस. करायला अमेरिकेत जातो. विद्यार्थी व्हिसावर त्याला सत्र चालू असताना आवारातल्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येतं. तो विद्यापीठाच्या भोजनगृहात ताटं विसळतो, ग्रंथालयात रात्री काउंटर सांभाळतो, आणि आई शेजारी कौतुकाने सांगते, ‘कॅम्पसवर जॉब लागला हो!’ पेढे वाटले जातात. तोच मुलगा इथे बी. एस्सी.ला असताना त्याला प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुवायला सांगितल्या असत्या तर याच माउलीने प्राचार्यांची भेट मागितली असती. मी दोष देत नाही. तिकडे ते काम सगळ्यांना खुलं असतं, जाहिरात देऊन, अर्ज मागवून, ठरलेल्या दराने दिलेलं असतं. इकडे ते दाखला मागून दिलेलं असतं. आईला फरक बरोबर कळतो.

सरकारी पातळीवर हालचाल नाही असं नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत शिकता शिकता कमाईची तरतूद आहे: आठवड्याला वीस तासांपर्यंत, ग्रंथालय, संगणक कक्ष, प्रयोगशाळा, माहिती भरणे अशी कामं. सूचना चांगल्या आहेत. पैसे कुणी द्यायचे हा जुनाच प्रश्न आहे.

त्याच धोरणाने एक उलटी गोष्टही आणली. पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आता चार श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण सक्तीचं आहे, विद्यार्थ्यांच्या भाषेत ओजेटी. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. ते कुठे करायचे ते बहुधा मुलानेच शोधायचं. मुंबई-पुण्यात कंपन्या आहेत, रत्नागिरीत एम. ए. मराठीच्या मुलीने १२० तास कुठे जाऊन बसायचं? वर्तमानपत्राच्या कचेरीत, बँकेच्या शाखेत, कुणाच्या ओळखीच्या संस्थेत. बहुतेकदा विनावेतन. म्हणजे मोबदल्याच्या कामाला निधी नाही, दाखला लागतो, नि बिनमोबदल्याच्या कामाची सक्ती आहे. हे दोन कागद एकाच कार्यालयात शेजारी शेजारी फाइल होतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आवारातच १२० तासांचं ओजेटी द्या, त्यानंतरच्या तासांना पैसे द्या, एवढी साधी जोडणी कुणी करायला घेतली तर ती नियमात बसवणं अवघड नाही.

आवाराची व्याख्याही जरा सैल करता येईल. शिरगावला १९८१पासून मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. कृषी शाखांच्या शेवटच्या वर्षात अनुभवातून शिक्षण म्हणून मुलं स्वतः उत्पादन काढतात, विकतात, हिशेब ठेवतात. तिथे कामाला अभ्यासाचा मान आहे, म्हणून चिखलात हात घालायला कुणी लाजत नाही. झाडगावला त्याच विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८पासून आहे, तिथलं मत्स्यालय बघायला पर्यटक येतात. थिबा राजवाड्यात येतात, टिळकांच्या घरी येतात, पतितपावन मंदिरात येतात. दुपारी एक ते पाच या वेळातच येतात, कारण सकाळी ते गणपतीपुळ्याला असतात. इतिहासाच्या, प्राणिशास्त्राच्या मुलांना तीन तास माहिती सांगायला उभं केलं, तिकिटाच्या पैशातून तासाचा दर दिला, तर पर्यटकाला भिंतीवरच्या पाटीपेक्षा बरं काही ऐकायला मिळेल. मुंबईतले एखाद-दुसरे माहितगार येऊन हे करत असतात, तेही चांगल्या दराने.

एवढं होईपर्यंत ज्या मुलाला यंदाच काम हवंय, त्याला चार गोष्टी सांगून ठेवतो. फलकाची वाट बघू नये. प्रवेश झाला की पहिल्या आठवड्यातच विद्यार्थी विकास अधिकारी कोण ते विचारून घ्यावं, तो बहुधा एखादा प्राध्यापकच असतो, आणि त्याला तोंडी सांगून ठेवावं. दाखला मे महिन्यात काढावा. जूनमध्ये सेवा केंद्रावर सगळा तालुका असतो. ग्रंथपालांना आधी भेटावं, कारण माणसाची गरज त्यांना कायम असते आणि प्राचार्यांकडे शब्द तेच टाकू शकतात. अर्जात घरच्या हलाखीचा निबंध लिहू नये. किती वाजता मोकळा असतो, गाडी कितीची, टंकलेखन येतं का, एक्सेल येतं का, हे लिहावं. वहीतली सही रोजच्या रोज घ्यावी, महिन्याची एकदम घ्यायला गेलं की साहेब रजेवर असतात. सोडताना अनुभवाचं पत्र मागून घ्यावं, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. आणि बँकेचं खातं मुलींनी तरी स्वतःच्याच नावावरचं द्यावं. बापाच्या खात्यावर पैसे जमा झाले की त्यातून आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं.